अंगठ्यापायी गेलेली चव

बसाप्पा हुक्केरींच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख पिवळं पडलं, जाड झालं आणि कडेनं त्याचा भुगा सांडू लागला, तेव्हा ते सगळ्यात आधी गणपतरावांना दिसलं. घोटाळा झाला तो इथंच. दुसऱ्या कुणाला दिसलं असतं तर नख निदान नखच राहिलं असतं.

कोल्हापूरच्या गूळ बाजारात सौद्याच्या वेळी व्यापारी चपला काढून ढेपांच्या रांगांमधून अनवाणी फिरतात. ढेपेपाशी उकिडवं बसायचं, टोचा मारायचा, चिमूटभर गूळ जिभेवर ठेवायचा आणि मग भाव बोलायचा. बसाप्पा असेच एका ढेपेपाशी बसले होते. शेजारच्या अडत दुकानाचे गणपतराव वाकले आणि ढेपेकडं न बघता बसाप्पांच्या पायाकडं बघत म्हणाले, "पावणं, ह्यो माल कुठल्या गावचा? रंग एक नंबर हाय. कणीबी सुटाय लागलीया."

शेतकरी हसले, हमाल हसले, काट्यावरचा माणूस वजन विसरून हसला.

बसाप्पांना हे फार लागलं, कारण त्या बाजारात बसाप्पांना हसायची कुणाची छाती नव्हती. त्यांना कुणी बसाप्पा म्हणतच नसे. 'जीभ' म्हणत. 'जीभ आली काय?' 'जिभेला दावून घ्या.' गुळाची कणी तोंडात टाकली की ऊस कृष्णेकाठचा की पंचगंगेकाठचा, काहिलीत भेंडीचं पाणी किती पडलं, गूळ रांधणाऱ्या गुळव्यानं रंगासाठी हायड्रोसची पावडर मारली की नाही, एवढं तर ते सांगतच; पण त्या दिवशी गुळव्या घरातून बायकोशी भांडून आला होता काय, हेही सांगत. एकदा कुरुंदवाडच्या एका गुळव्यानं पैज लावली आणि हरला. भांडण खरंच झालं होतं, आणि बसाप्पांनी तर कशावरून झालं तेसुद्धा सांगितलं. गणपतरावांनाही गूळ कळे, पण बसाप्पांच्या नंतर कळे. वीस वर्षं ते त्या 'नंतर'मध्ये उभे होते.

ही जीभ बाजारात सोन्याची, पण घरात मात्र काट्याची होती. शांतव्वांनी तीस वर्षं रांधलं आणि तीस वर्षं रोज निकाल ऐकला. "मोहरी जरा आधी काढाय पायजे होती." "चिंच गेल्या सालची हाय." "भाकरीच्या पिठात शेवटच्या वाटीला दुसरी ज्वारी लागलीया." चांगलं झालंय, असं त्या माणसाच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. फार खूश असले तर ते काही न बोलता जेवत.

तर नखाचं औषध करायचं ठरलं. पण ऐन हंगामात दवाखान्यात जाऊन कोण बसणार? बसाप्पांनी सुरीनं नखाचे चार तुकडे काढले, कागदाच्या पुडीत बांधले, वर तारीख घातली, 'नमुना' असं लिहिलं आणि पुडी शांतव्वांच्या हातात दिली.

"हे काय?" शांतव्वा म्हणाल्या.

"डॉक्टरला दे. आमी नमुना बघून अख्खी गाडी घेतो. त्याला नख बघून माणूस कळंना व्हय?"

कातडीचे डॉक्टर शिरगुप्पे यांनी पुडी उघडली, भिंगाखाली धरली आणि शांतव्वांना म्हणाले, "नमुना झकास आहे वहिनी, तपासायला पाठवतो. रक्तपण तपासायला लागेल. पण त्याआधी, या नखाला जोडलेला माणूस आहे ना, तोपण पाठवा."

नखात बुरशी निघाली. रक्त घरी येऊन काढून नेलं, तेही ठीक निघालं. मग शेवटी बसाप्पा दवाखान्यात आले, आणि येऊन बसले ते नेमके टेबलावर ठेवलेल्या गुळाच्या भेलीपुढं. कुणा पेशंटनं डॉक्टरांना भेट दिली होती. बसाप्पांनी विचारलंसुद्धा नाही. नखानं कणी काढली आणि तोंडात टाकली.

"गोळी रोज एक, तीन महिने," डॉक्टर म्हणाले. "पण आधी धोके सांगतो, ते ऐकणं तुमचा हक्क आहे. ही गोळी लिव्हरला त्रास देऊ शकते."

"हायड्रोस मारलाय," बसाप्पा म्हणाले.

"कशात?"

"गुळात. कुणी दिला तुमास्नी?"

"पेशंटनं. ते राहू दे. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली..."

"आज पिवळा दिसतोय, म्हैन्यात काळा पडंल. आणि ह्यो कृष्णेकाठचा न्हाय, तुमास्नी तसं सांगितलं असंल तर."

डॉक्टरांनी दोनदा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा बसाप्पांनी त्यांना भेल फोडून दाखवली. मग डॉक्टरांनी खुर्चीच शांतव्वांच्या दिशेनं फिरवली आणि सगळं त्यांना सांगितलं. शांतव्वा बोटांच्या पेरांवर मोजत ऐकत होत्या. शेवटी डॉक्टरांनी मराठीत छापलेला एक कागद पुढं केला. बसाप्पांनी तो बाजारातल्या हिशेबाच्या पट्टीसारखा उलटा-सुलटा केला, खाली जागा बघितली आणि सही ठोकली. आयुष्यात त्यांनी सहीच्या वरचं काही वाचलं नव्हतं. वाचायची गरज ज्याला माल कळत नाही त्याला, असं त्यांचं म्हणणं होतं.

पाच आठवडे सुरळीत गेले. सहाव्या आठवड्यात एका सकाळी बसाप्पांनी सौद्यात पहिल्या ढेपेची कणी जिभेवर ठेवली आणि त्यांना वाटलं, आपण ओली वाळू खाल्ली. त्यांनी चूळ भरली. दुसरी ढेप घेतली, तीपण वाळू. तिसरी, चौथी, सगळी पंचगंगेची वाळू. गूळ समोर, शेतकरी समोर, आणि पलीकडं गणपतराव कान टवकारून उभे.

बसाप्पांनी डोळे मिटले, मान डोलावली आणि म्हणाले, "बरा हाय."

दुपारी घरी आमटी आली. तीही नुसतं गरम पाणी. सवयीनं त्यांनी खोट काढायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, काढायची कुठली? मीठ कमी म्हणावं आणि निघालं जास्त, तर पकडले जाणार. आणि जीभ गेली ही बातमी घरातून बाहेर पडली तर बाजारात पोहोचायला रिक्षासुद्धा लागणार नव्हती.

"झकास," ते म्हणाले.

शांतव्वांची पळी हवेतच राहिली. "काय म्हणालासा?"

"आमटी. झकास झालीया."

शांतव्वांनी हात धुतला, पदराला पुसला आणि नवऱ्याच्या कपाळाला लावून बघितला. ताप नव्हता.

त्या दिवसापासून त्या घरात सगळंच झकास होऊ लागलं. झुणका झकास, भरली वांगी झकास, करपलेली भाकरी विशेष झकास. शांतव्वा गालातल्या गालात हसत वाढत. बाजारात बसाप्पांनी वेगळी युक्ती काढली. ढेप फोडताना आवाज ऐकायचा, रंग बघायचा, आणि कणी तोंडात घोळवत शेतकऱ्याच्या तोंडाकडं बघायचं. गुळात काही घातलं असलं की शेतकरी आभाळाकडं बघतो. आणि अगदीच अडलं तर माश्या. शुद्ध गुळावर माश्या तुटून पडतात, हायड्रोसच्या गुळाचा दोनदा वास घेऊन निघून जातात. तीन आठवडे माश्यांनी तो बाजार चालवला आणि एकही निकाल चुकला नाही.

बिंग फुटलं ते घरात. बसाप्पांची मुलगी विद्याश्री नवी वकील झाली होती. सनद होती, काळा कोट होता, अशील तेवढा नव्हता. एका रविवारी ती जेवायला बसली, पहिला घास घेतला आणि थांबली.

"अव्वा, वांग्यात मीठच न्हाय."

"व्हय? विसरलं असंल," शांतव्वा शांतपणे म्हणाल्या.

"झकास हाय की," बसाप्पा म्हणाले आणि चौथं वांगं घेतलं.

विद्याश्रीनं वडलांकडं बघितलं. जेवण झाल्यावर तिनं गोळ्यांचं खोकं उघडलं. आत माचिसच्या पेटीएवढी घडी केलेला, उघडला तर धोतराएवढा होणारा इंग्रजी कागद होता. मुंगीएवढी अक्षरं. तिनं तो खिडकीत धरून वाचला आणि परसात जाऊन वडलांना गाठलं.

"अप्पा, तुमची चव गेलीया."

"हळू बोल."

"ह्या गोळीनं गेलीया. हितं छापलंय. डॉक्टरनं तुमास्नी सांगितलं होतं?"

"न्हाय," बसाप्पा ठामपणे म्हणाले. त्यांच्या आठवणीत दवाखान्यात फक्त गुळाचा विषय निघाला होता.

"बघा की मग. धोका सांगितल्याबिगर औषध देता येत न्हाय. ग्राहक संरक्षण कायदा हाय. फी घेऊन तपासलं, म्हंजे तुमी ग्राहक. आपण ग्राहक मंचात जाऊ."

"जाऊ. पर चव गेली असं कुठं लिवायचं न्हाय."

"अप्पा, तीच तर तक्रार हाय."

"दुसरी कायतरी घाल."

"दुसरी काय घालू? नख बरं व्हाय लागलंय म्हणून?"

नख खरंच बरं व्हायला लागलं होतं. मुळाशी नवं, गुलाबी, लहान पोराचं असावं तसं नख उगवत होतं. बसाप्पा त्याच्याकडं बघून चरफडत. पण पहिलाच अशील हातातून जाऊ द्यायला विद्याश्री तयार नव्हती. तिनं नोटीस टाईप केली आणि दुकानात पट्ट्यांच्या गठ्ठ्यावर ठेवली. बसाप्पांनी पट्ट्यांवर सह्या केल्या, नोटिशीवरही केली. शनिवारी ती रजिस्टर पोस्टानं गेली.

आणि रविवारी बाजारात गुळाची स्पर्धा होती. परीक्षक अर्थात जीभ.

इकडं गणपतरावांना शंका आली होती. पूर्वी वाईट गूळ लागला की बसाप्पा पचकन थुंकत, थेट शेतकऱ्याच्या सावलीवर. गेला महिनाभर ते एकदाही थुंकले नव्हते. जे समोर येईल ते गिळत होते. ज्या माणसानं वीस वर्षं एका जिभेच्या मागं उभं राहून काढली, त्याच्या नजरेतून हे सुटणार नव्हतं. गणपतरावांनी चांगली एक भेल फोडून पातळ केली, त्यात मूठभर मीठ ढवळलं, पुन्हा वळली आणि पाच ताटल्यांमध्ये तिसरी म्हणून ठेवून दिली.

मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या रांगेत शांतव्वा आणि विद्याश्री बसल्या होत्या. बसाप्पांनी पहिली कणी घेतली. वाळू. दुसरी घेतली. वाळू. तिसरी तोंडात टाकली आणि सवयीप्रमाणे माणसांच्या तोंडांकडं बघितलं. स्पर्धेतले शेतकरी आपापल्या जागी होते. पण गणपतराव खुर्चीच्या टोकावर आले होते, आणि जिभेवर लिंबू पिळल्यासारखं त्यांचं तोंड आताच आंबट झालं होतं.

बसाप्पांना चव कळत नव्हती, पण माणूस कळत होता. ह्या ताटलीत काहीतरी होतं. काय होतं, ते देव जाणे. ते सावकाश चघळत राहिले, आवंढा गिळला, दुसरी मोठी कणी घेतली आणि तीही चघळली. कपाळावर एक आठी नाही. गणपतराव अर्धे उठले. आता ओरडायचं, एवढंच बाकी होतं.

"गणपतराव," बसाप्पा म्हणाले, "या असं. ह्या गुळाचा निकाल तुमी द्यावा, असं मला वाटतंय."

"मी? मी कशाला?"

"या की. वीस वर्सं मीच खातोय. एकदा तुमी खावा."

टाळ्या पडल्या. दोघा हमालांनी आदरानं गणपतरावांना दंडाला धरून पुढं आणलं. बसाप्पांनी स्वतःच्या हातानं लिंबाएवढा खडा त्यांच्या तोंडात घातला. गणपतरावांनी हसायचा प्रयत्न केला, मग डोळे फिरवले, मग मांडवाच्या खांबाला धरून ओकारी काढली. मागल्या रांगेतल्या एकानं ताटलीतली कणी चाखली आणि ओरडला, "मीठ हाय की ओ ह्यात."

मग जो गलका झाला तो शिरोली नाक्यापर्यंत ऐकू गेला म्हणतात. जिभेनं मीठ ओळखलं, गिळलं, चेहऱ्यावर दाखवलं नाही, आणि ज्यानं घातलं त्यालाच चारलं. एवढं सगळं एका चिमटीवरून. पहिलं बक्षीस बसाप्पांनी चौथ्या ताटलीला दिलं, कारण तिच्यावर सतरा माश्या होत्या. तो गूळ निघाला गगनबावड्याकडच्या एका म्हातारीचा, हायड्रोसचा कणही नसलेला. बसाप्पांना फेटा बांधला, नारळ दिला, खांद्यावर घेतलं.

खांद्यावरून उतरल्यावर विद्याश्रीनं त्यांना बाजूला ओढलं. ती पांढरी पडली होती.

"अप्पा, उद्या डॉक्टरांना आपली नोटीस पोचणार. तीत मी लिवलंय, तुमास्नी म्हैनाभर कसलीच चव न्हाय."

"मग?"

"मग ते खरं, तर आजचं खोटं. आजचं खरं, तर नोटीस खोटी. मंचात केस उभी ऱ्हायली की गणपतराव पुढच्या बाकावर येऊन बसतील की."

बसाप्पांनी फेटा घट्ट धरला.

सोमवारी दवाखाना उघडायच्या आत तिघंही दारात उभी होती. पण पोस्टमन त्यांच्याही आधी येऊन गेला होता. डॉक्टर शिरगुप्पे चहा पीत नोटीस वाचत होते.

"या. कालचं ऐकलं मी," डॉक्टर म्हणाले. "मीठ ओळखलं म्हणे. आणि इथं लिहिलंय, मीठसुद्धा कळत नाही. मी कुठलं धरू?"

"धोका सांगाय पायजे होता तुमी," बसाप्पा म्हणाले. आवाज चढवायचा होता, पण चढला नाही.

डॉक्टरांनी कपाटातून कागद काढला. विद्याश्रीनं तो मोठ्यानं वाचला. लिव्हरला त्रास होऊ शकतो, दर महिन्याला रक्त तपासावं. डोळे पिवळे दिसल्यास, भूक गेल्यास गोळी थांबवावी. चव जाऊ शकते, तसं झाल्यास ताबडतोब गोळी बंद करून डॉक्टरांना सांगावं. हे सर्व मला नीट समजलं आहे. खाली बसाप्पांची सही, शेजारी साक्षीदार म्हणून शांतव्वांची.

विद्याश्रीनं कागद खाली ठेवला आणि काळा कोट काढून हातावर घेतला.

"रक्ताचा रिपोर्ट वहिनी दर महिन्याला आणून दाखवतात, लिव्हर ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले. "गोळी आजपासून बंद. चव येईल परत, बहुतेकांची येते. वेळ लागेल. पण वहिनी, मी तुम्हाला बजावलं होतं. चव गेली की लगेच या म्हणून. चार आठवडे का थांबलात?"

सगळ्यांनी शांतव्वांकडं बघितलं.

"ह्यांनी सांगितलं कुठं चव गेली म्हणून?" शांतव्वा म्हणाल्या. "रोज झकास, झकास म्हणत हुते. मी म्हटलं, गोळीनं चव आली असंल."

ह्यावर डॉक्टरांना चहा सोडून खिडकीपाशी जावं लागलं.

बाहेर आल्यावर बसाप्पा चपला घालता घालता थांबले. "तुला ठावं हुतं."

"तिसऱ्या दिवशी. मीठ न घालता वाढून बघितलं. मग दुसऱ्या दिवशी दोनदा घालून बघितलं."

"आणि गप ऱ्हायलीस?"

"तीस वर्सांत पयल्यांदा कुणीतरी झकास म्हणत हुतं. चार आठवडे ऐकून घेतलं. आज मीच आणणार हुते तुमास्नी हितं, नोटीस मधी कडमडली."

बसाप्पा लेकीकडं वळले. "हिच्यावर कर केस. हिला म्हाईत असून हिनं मला चारलंय."

"अव्वा जेवणाची फी घेती तुमच्याकडनं?"

"फी कसली?"

"मग न्हाय बसत. फुकट दिलेली सेवा ग्राहक कायद्यात येत न्हाय."

"तीस वर्सं फुकट व्हय?" शांतव्वा म्हणाल्या. "आधी सांगितलं असतंस तर लावली असती की."

शिमगा होऊन गेला. अंगठ्यावर गुलाबी नख निम्म्यावर आलं, आणि गणपतराव त्याच्याकडं बघायचं टाळू लागले. मग एका दुपारी, बाजारातून येताना बसाप्पांनी खिशातली गुळाची कणी सवयीनं तोंडात टाकली आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. कृष्णाकाठ. खोडव्याचा ऊस. भेंडी जरा जास्त. आणि गुळव्याचं त्या दिवशी मेव्हण्याशी वाजलेलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मागून येणाऱ्या रिक्षावाल्यानं शिवी दिली, तीपण गोड लागली.

ते तरातरा घरी आले, हातपाय धुतले आणि पाटावर बसले. ताट वाढलेलं होतं. ताटाशेजारी दुकानाच्या पट्ट्यांचा छोटा गठ्ठा होता.

"मघाशी दिवाणजी देऊन गेला," शांतव्वा म्हणाल्या. "सह्या करा, न्यायला येणार हाय."

बसाप्पांचं सगळं लक्ष आमटीच्या वासाकडं होतं. त्यांनी भराभरा पाचसहा सह्या ठोकल्या आणि गठ्ठा बाजूला सारला. मग भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि डोळे मिटून तोंडात घातला.

मोहरी करपली होती. चिंच जुनी होती. मीठ तर असं, की शांतव्वांच्या हाताला एवढ्या दिवसांत मोजायची सवयच राहिली नव्हती. बसाप्पांचा चेहरा आनंदानं उजळला. किती दिवसांनी एवढ्या खोटी एकदम सापडल्या होत्या. त्यांनी बोट वर केलं आणि तोंड उघडलं.

शांतव्वांनी गठ्ठ्यातली सगळ्यात खालची पट्टी काढून त्यांच्यापुढं धरली. अक्षर विद्याश्रीचं होतं, व्यवस्थित, वकिली.

'ह्या जेवणात मीठ, तिखट, आंबट कमी-जास्त असू शकते. हे मला नीट समजले आहे. चव परत आली तरी तक्रार करणार नाही.'

खाली सही होती. शाई अजून ओली होती.

बसाप्पांनी कागद वरून खालपर्यंत वाचला, आयुष्यात पहिल्यांदा, दोनदा. मग तांब्या उचलला, घटाघटा अर्धा रिकामा केला, आणि ताट पुढं ओढलं.

"झकास," ते म्हणाले.